खाली दुकानं, वर घर: विजापूर रोडवरच्या मिश्र इमारतीत राहिल्यानंतर

सोलापुरात विजापूर रोडला मुख्य रस्त्यावरच्या एका मिश्र वापराच्या इमारतीत आम्ही राहायला आलो ते उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यानंतर पावसाळा, गणपती, दिवाळी आणि गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, असं सगळं इथं काढून झालं. आता लिहायला हरकत नाही. असं घर घेऊ की नको, या विचारात असलेल्यांना माहितीपत्रकात न सापडणाऱ्या गोष्टी कळाव्यात म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इमारत अशी आहे. तळमजल्यावर किराणा, मेडिकल, बेकरी आणि एक हॉटेल. पहिल्या मजल्यावर ऑफिसं, एक ट्यूशन क्लास आणि शाळेचे युनिफॉर्म शिवणारं गारमेंट. दुसऱ्यावर दवाखाने. तिसऱ्यापासून वर सगळे फ्लॅट. आमचं घर पाचव्या मजल्यावर आहे आणि मी करसल्लागार असल्यानं पहिल्या मजल्यावर माझं छोटं ऑफिसही आहे. म्हणजे गाळेवाल्यांची बाजू आणि घरवाल्यांची बाजू, दोन्ही मला रोज दिसतात आणि दोन्हीकडची मेंटेनन्सची बिलं मीच भरते.

निकाल आधीच सांगते. पुन्हा घर घ्यायचं झालं तर मी असंच घेईन. पण करारनामा आणि मंजूर नकाशा वाचताना पाणी, जिना, पार्किंग आणि हॉटेलचं धुराडं या चार गोष्टींवर बोट ठेवून वाचा. घर आणि धंदा एका छताखाली असण्यानं त्रास होत नाही. दोघांमधली रेघ कुणी आखलेलीच नसते, त्यानं होतो.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो आमच्या सासूबाईंना. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. याआधी जुळे सोलापुरात आमचं रो-हाऊस होतं. गल्ली शांत, हवा चांगली, पण साधी क्रोसिन आणायची तरी कुणीतरी गाडी काढायला लागायची. फिजिओथेरपीला रिक्षा ठरवायची आणि कुणीतरी सोबत जायचं. बहुतेक वेळा त्या "आज राहू दे" म्हणून टाळायच्या. इथं फिजिओथेरपीवाले डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर आहेत. सकाळी लिफ्टनं स्वतः खाली जातात, व्यायाम करून किराणा दुकानात उतरतात. दुकानदार अण्णांनी त्यांच्यासाठी काउंटरच्या आत एक खुर्चीच ठेवली आहे. "आज्जी, बसा की जरा, गर्दी कमी होऊ द्या," असं म्हणतात. तासभर तिथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात, शेंगाची चटणी ताजी आलीय का ते चाखून बघतात आणि आपल्या हातानं पैसे देऊन वर येतात. "आता मला कुणाची वाट बघावी लागत नाही," हे त्या स्वतःहून म्हणाल्या. घरात म्हातारं माणूस असेल तर या एका गोष्टीसाठी मी बाकी बरंच काही सहन करायला तयार आहे.

दुसरा फायदा रात्रीचा. मुलगी पुण्याहून हुतात्मानं किंवा वंदे भारतनं येते. स्टेशनवरून रिक्षानं इथं येईपर्यंत अकरा वाजायला येतात. जुन्या गल्लीत त्या वेळेला चिटपाखरू नसायचं, मी फाटकात उभी राहायची. इथं मेडिकल उघडं असतं, बेकरीचं शटर अर्धं वर असतं, वॉचमन जागा असतो. ती एकटी येते आणि मला ते आता विशेष वाटत नाही.

माझ्या कामाचंही तसंच. मार्चअखेर आणि रिटर्नच्या तारखांना रात्री उशीर होतोच. पूर्वी सगळं आवरून गाडी काढायची वेळ आली की जीव नकोसा व्हायचा. आता चार मजले वर गेलं की घर.

खरं तर सोलापूरला हे नवीन नाही. माझं माहेर पूर्व भागातलं, साखर पेठेच्या बाजूचं. तिथं घरोघर खाली माग आणि वर संसार. आमच्या घराला लागून पद्मशाली या विणकर समाजातल्या कुटुंबाचा कारखाना होता. माग चालू असला की आमच्या फळीवरचे पेले हळूहळू सरकत कडेला यायचे, म्हणून आईनं फळीला पुढून लाकडी पट्टी ठोकून घेतली होती. विडी कामगार बायका तर पान-तंबाखू घरी आणून दारात बसूनच वळतात. त्यांचं घर हाच त्यांचा कारखाना. एका अंगणात राहणं, कमावणं आणि विकणं यावरच या गावातल्या पेठा वाढल्या. मग गाव पसरलं, नव्या वसाहती झाल्या आणि घर एकीकडे, बाजार दुसरीकडे, काम तिसरीकडे असं होत गेलं. गावाबाहेर कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये झाली. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. असंघटित कामगाराला स्वतःचं पक्कं घर मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण धुणीभांडी, गवंडीकाम किंवा दुकानातली नोकरी शहरात असेल तर रोज जाण्या-येण्याचा खर्च पगारातूनच जातो. म्हणून घराशेजारी रोजगार असण्याला मी इतकं महत्त्व देते. आमच्याच इमारतीतल्या गारमेंटमध्ये मागच्या गल्लीतल्या बायका कामाला येतात, दुपारी घरी जाऊन मुलांना जेवू घालून परत मशीनवर बसतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत नोकरी असती तर त्यांना हे जमलं नसतं.

आता त्रासाकडे येते, आणि पहिला मान पाण्याचा.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, हे बाहेरच्यांना सांगूनही खरं वाटत नाही. उजनी धरण भरलं म्हणून इथल्या नळाला पाणी वाढतं असं नाही. शंभर किलोमीटरवरून जलवाहिनीनं येणारं पाणी वाटून घ्यायचं आहे. त्यामुळे आपल्याकडे इमारतीचा खालचा हौद हीच खरी संपत्ती. आमच्याकडे हौद एकच होता, दुकानं आणि घरं मिळून. महापालिकेचा चावीवाला रात्री-अपरात्री कधीही पाणी सोडतो, हौद भरतो, आणि खालचं हॉटेल सकाळी सहालाच सुरू होतं. भांडी, फरशी, भाजी धुणं, गिऱ्हाइकांचे हात. शिवाय दवाखाने, एक पार्लर. दुसऱ्या दिवसअखेर हौद अर्ध्यावर, तिसऱ्या दिवशी तळाला, चौथ्या दिवशी टँकर. आणि टँकरचा खर्च सगळ्यांत सारखा वाटलेला. पहिल्या उन्हाळ्यात सोसायटीत सगळ्यात मोठी भांडणं झाली ती यावरूनच.

सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकार खात्याच्या नमुना नियमांप्रमाणे, पाणीपट्टीची वाटणी नळजोडांची संख्या आणि आकार बघून होते. निव्वळ निवासी इमारतीत हे चालून जातं, कारण दोन नळांच्या घरांत पाण्याचा फरक पडून किती पडणार? पण हॉटेलचा एक नळ आणि बंद गाळ्याचा एक नळ यांना एका मापानं मोजलं तर घरवाल्यांवर सरळ अन्याय होतो. वॉचमन, सफाई वगैरेच्या सेवा शुल्काचंही तेच, ते प्रत्येक सदनिकेला आणि गाळ्याला सारखं. मी गाळेवालीही आहे, तरी सभेत उभी राहून हे बोलले. शेवटी सर्वसाधारण सभेनं ठराव केला. प्रत्येक व्यापारी गाळ्याला वेगळा मीटर बसवायचा आणि टँकरचा खर्च मीटरच्या आकड्यानं वाटायचा. मीटर बसले त्याच आठवड्यात हॉटेलवाल्यानं गळणारे दोन नळ स्वतःहून बदलले आणि भांडी घासायला टबची पद्धत सुरू केली. आज टँकर लागतो, पण पूर्वीइतका नाही. माझं ठाम मत आहे की सोलापुरात मिश्र इमारत बांधायची तर व्यापारी हौद आणि घरगुती हौद पहिल्या दिवसापासून वेगळे हवेत. नंतर हौद फोडून दोन करता येत नाहीत.

दुसरा विषय आवाजाचा. गारमेंटचा सीझन म्हणजे फेब्रुवारीपासून शाळा उघडेपर्यंत. सोलापूरचे युनिफॉर्म देशभर जातात, आणि जूनच्या आत माल गेला नाही तर त्याला कोण विचारणार? त्या दिवसांत मशीन रात्रीपर्यंत चालायच्या. आवाज कानाला फार मोठा नाही, पण ओव्हरलॉकची घरघर खांबांतून वर चढते आणि तिसऱ्या मजल्यावर उशीला कान लावला की जाणवते. तिथल्या एका कुटुंबात तान्हं बाळ होतं. तक्रार झाली.

तक्रारीनिमित्त मी ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम नीट वाचले. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाला ६५ आणि ५५. रात्र म्हणजे दहा ते सहा. मग दुकान आणि घर एकत्र असेल तिथं काय? मिश्र भागासाठी वेगळी मर्यादाच नाही. चारपैकी कोणता वर्ग लागू ते सक्षम अधिकाऱ्यानं ठरवायचं, असं नियमांखालच्या टिपेत आहे. म्हणजे घरवाला ४५ म्हणणार, गाळेवाला ५५ म्हणणार, आणि दोघांकडे कागद असणार. राज्यभर अशा इमारती वाढत असताना हे असं अधांतरी राहणं मला बरोबर वाटत नाही. मिश्र इमारतींसाठी स्वतंत्र मर्यादा ठरवायलाच हवी.

आमचा प्रश्न मात्र गारमेंट चालवणाऱ्या ताईंच्या समजूतदारपणामुळे सुटला. त्या म्हणाल्या, "वहिनी, मशीन बंद नाही ठेवता येणार, पण आवाज कमी करायला काय लागतंय ते सांगा, करू आपण." एका फिटरला आणून प्रत्येक मशीनच्या पायाखाली जाड रबरी पॅड टाकले. ओव्हरलॉक आणि काज-बटणाच्या मशीन खांबाला खेटून होत्या, त्या मधोमध ओढल्या. रात्री दहाला मेन स्विच बंद, सीझनलासुद्धा. पॅडचा खर्च फारच किरकोळ होता आणि फरक त्याच रात्री कळला. बाळाची आई आता त्यांच्याकडूनच मोठ्या मुलाचा युनिफॉर्म शिवून घेते.

हॉटेलच्या वासाचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. धुराडं गच्चीच्या वर जायला हवं, आमच्याकडे ते डक्टमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंतच नेलं होतं. सकाळी अकराला मिरचीची फोडणी पडली की चौथ्या मजल्यापर्यंत ठसका लागायचा. आता वरपर्यंत पाइप नेला आहे, पण डिस्को भजीच्या दिवशी तेलाचा वास येतोच. तेलकट पाण्यानं ड्रेनेजचा चेंबरही तुंबायचा. मध्ये जाळी आणि तेल अडवणारी टाकी बसवल्यावर ते थांबलं. डक्टवरून आणखी एक सांगायला हवं. दुकानं आणि दवाखान्यांच्या एसीचे बाहेरचे पंखे त्याच डक्टमध्ये तोंड करून लावलेले आहेत. सोलापूरचा मे महिना, पारा ४३-४४ वर, आणि त्यात ही गरम हवा बाथरूमच्या खिडकीतून घरात. खालच्या फ्लॅटवाल्यांना दुपारी ती खिडकी उघडताच येत नाही. नकाशा मंजूर होताना एसीची जागा कुठं ते कुणी विचारत नाही. बिल्डरला तुम्ही विचारा.

पार्किंगवर फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक गाडी लावतं ते रहिवाशांच्या फाटकासमोर. संध्याकाळी ट्यूशन सुटली की पोरांच्या गाड्या आणि दवाखान्याचे पेशंट एकाच वेळी. साखळी, फलक, वॉचमन, तिन्ही लागतात आणि तिन्ही रोज लागतात. गाळ्यांना आणि घरांना फाटक वेगळं असेल तर निम्मा त्रास कमी, नसेल तर भावात ते धरा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ जण गेले. मालकाचं कुटुंब त्याच इमारतीत वर राहत होतं. गेलेल्यांत एक लहानगं बाळही होतं. खाली माग, वर घर ही आमच्या गावाची रीत आहे आणि त्या रीतीचा धोका त्या पहाटे गावानं पाहिला. कापूस, सूत, कापड, पुठ्ठा हे सगळं जळणारं, आणि धूर वरच चढतो. आमच्या इमारतीत जिना एकच सगळ्यांना मिळून आहे. पहिल्या मजल्याच्या जिन्यालगत कापडाच्या गठड्या आणि तळमजल्याच्या जिन्याखाली बेकरीचे खोके ठेवलेले असायचे. त्यांना आग लागली असती तर पाचव्या मजल्यावरून सासूबाईंना मी कुठून खाली आणलं असतं?

हा प्रश्न मी सभेत असाच विचारला आणि कुणी वाद घातला नाही. गठड्या आणि खोके दोन दिवसांत हलले. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म बी म्हणतात, परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. आम्ही ते आता नोटीस बोर्डवर लावतो. नळीला पाणी येतं का तेही उघडून बघतो, कारण चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात आगीसाठीची टाकी रिकामी करून वापरायचा मोह सगळ्यांना होतो. त्या टाकीच्या झडपेला कुलूप आहे आणि किल्ली वॉचमनकडे. घर बघायला जाल तेव्हा सजावटीचा फ्लॅट नंतर बघा, आधी जिना उतरून बघा.

सोसायटीच्या कारभाराविषयी थोडं. एका सभासदाला एक मत. पण गाळ्यांचे बरेच मालक पुण्यात किंवा परदेशात, दुकान चालवणारा भाडेकरू. ज्याचा आवाज, वास आणि गिऱ्हाईक, त्याला सभेत मत नाही, आणि ज्याला मत आहे त्याला भाडं मिळाल्याशी मतलब. गाळ्याचं भाडं कितीही असो, सोसायटीला बिनभोगवटा शुल्क, म्हणजे जागा भाड्यानं दिली की मालकाकडून घेतात ते, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दुकानं चालवणारे आणि घरवाले अर्धा तास पार्किंगमध्ये बसतात. तिथं ठराव होत नाहीत, पण निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. मालकांनी भाडेकरार करताना सोसायटीच्या वेळा, कचरा आणि माल उतरवण्याच्या अटी करारात घालायच्या, एवढं मात्र ठरावानं पक्कं केलं आहे.

खर्चाचं थोडक्यात. वीज घराची घरगुती दरानं, ऑफिसची व्यापारी दरानं, मालमत्ता कर तसाच वेगवेगळा. लिफ्ट, पंप आणि पॅसेजच्या दिव्यांना एकच मीटर असेल तर तो वेगळा करून घ्या, नाहीतर दुकानांच्या मजल्यावरचे रात्री अकरापर्यंतचे दिवे तुमच्या बिलात येतात.

कायद्यानं काय चालतं हेही बघून ठेवा. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, निवासी भागात कोणता धंदा चालेल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बरंचसं ठरतं. त्यामुळे मुख्य रस्त्यावर दवाखान्याच्या जागी उद्या हॉटेल येऊ शकतं. आज खाली स्टेशनरीचं शांत दुकान आहे म्हणून घर घेऊ नका. मंजूर नकाशात आणि भोगवटा प्रमाणपत्रात त्या गाळ्याचा वापर काय लिहिलाय ते वाचा.

कुणाला घ्यावं? घरात वयस्कर माणसं असतील, दोघं नवरा-बायको कामाला जात असतील, स्वतःचा छोटा व्यवसाय असेल, तर नक्की घ्या आणि चौथ्या मजल्याच्या वरचं, रस्त्याच्या मागच्या बाजूचं घ्या. सोलापुरात मिरवणुका वर्षभर असतात आणि अशा इमारती मिरवणुकीच्या रस्त्यावरच असतात, तेव्हा पुढच्या बाजूची बाल्कनी दिसायला छान असली तरी झोपायची खोली मागेच हवी. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनी किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हॉटेल असलेली इमारत टाळलेली बरी.

आणि बघायला जाल ते रविवारी सकाळी बिल्डरच्या माणसासोबत जाऊ नका, त्या वेळी सगळंच शांत असतं. शनिवारी रात्री नऊला जा, ट्यूशन सुटायच्या वेळेला जा, आणि जमलं तर पाणी येऊन तीन दिवस झाल्यावर जाऊन हौदाचं झाकण उघडायला सांगा.